यकृतपेशीतील लिस्टेरिया आणि त्याची पृष्ठप्रथिने: शोधनिबंध कसा वाचावा

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतील जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सेमिनारसाठी शोधनिबंध निवडावा लागतो, आणि रोगकारक जिवाणूंचा विषय निघाला की लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येतोच. ‘अमुक पृष्ठप्रथिन या जिवाणूला यकृतपेशीत वाढण्यास मदत करते’ हे विधान फळ्यावर लिहायला सोपे आहे; मात्र ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे विचारले की बहुतेक सेमिनार तेथेच अडखळतात. हे मार्गदर्शन त्या प्रश्नाची तयारी कशी करावी याविषयी आहे. जिवाणू हाताळण्याची कृती येथे दिलेली नाही. छापून आलेला पुरावा तपासण्याची पद्धत दिलेली आहे.

मुळात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेशीत सापडणारी जिवाणूंची संख्या हा अनेक घटनांचा एकत्रित परिणाम असतो. जिवाणू पेशीला चिकटून आत शिरतो, ज्या पुटिकेत, म्हणजे पटलाच्या पिशवीत, तो अडकलेला असतो ती फोडून पेशीद्रवात येतो, तेथे विभाजित होतो, शेजारच्या पेशीत जातो, आणि हे सर्व चालू असताना यजमान पेशी जिवंत राहावी लागते. यांपैकी कोणतीही एक पायरी बिघडली तरी शेवटी पेट्रीडिशवर वसाहती कमीच दिसतात. म्हणून ‘संख्या कमी झाली’ यावरून ‘वाढ मंदावली’ असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि शोधनिबंध वाचताना पहिल्या पानापासून शेवटच्या आकृतीपर्यंत हाच प्रश्न हाती धरावा लागतो: संशोधकांनी यांपैकी नेमकी कोणती पायरी मोजली?

यकृताची रचना आधी कागदावर काढावी

प्रथिनांकडे वळण्यापूर्वी यकृताचे एक साधे रेखाचित्र वहीत काढावे, कारण पेशींच्या जागा ठाऊक नसल्या तर प्रयोगाचा अर्थ लागत नाही. अन्नातून आतड्यात आलेला जिवाणू आतड्याचे अस्तर ओलांडल्यावर प्रतिहारी शिरेच्या रक्ताबरोबर यकृतात पोहोचतो. तेथील रक्त बारीक, रुंदावलेल्या केशिकांतून, म्हणजे सायनुसॉइडमधून वाहते, आणि या केशिकांच्या आत कुप्फर पेशी नावाच्या भक्षक पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. उंदराच्या शिरेत लिस्टेरिया टोचला असता थोड्याच वेळात त्यातील बहुतांश जिवाणू यकृतात अडकलेले आढळतात आणि त्यांपैकी पुष्कळसे लवकरच मारलेही जातात. जे उरतात, त्यांच्या वाढीची मुख्य जागा म्हणजे हेपॅटोसाइट, अर्थात यकृताच्या मूळ कार्यपेशी. यकृताच्या आकारमानाचा सुमारे ८० टक्के भाग याच पेशींनी व्यापलेला असतो.

या चित्रात एक तपशील मुद्दाम दाखवावा. सायनुसॉइडच्या भिंतीला छिद्रे असतात, पण ती साधारण १०० ते १५० नॅनोमीटर रुंदीची असतात. लिस्टेरियाची जाडी मात्र सुमारे अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे या छिद्रांच्या तिप्पट ते पाचपट भरते. सरळ छिद्रातून घरंगळून तो हेपॅटोसाइटपर्यंत जाऊ शकत नाही. मग तो आधी दुसऱ्या एखाद्या पेशीत शिरून तेथून पसरला, की भिंत इजा होऊन मोकळी झाली, हा प्रश्न उरतो. काचेच्या बशीत वाढवलेल्या हेपॅटोसाइटवर जिवाणू थेट ओतला जातो, तेव्हा ही सगळी अडचण प्रयोगातून वगळलेली असते. बशीतला निकाल आणि उंदरातला निकाल जुळला नाही, तर गोंधळून जाण्याआधी हे रेखाचित्र पुन्हा पाहावे.

यकृताचा आणि या जिवाणूचा संबंध नवा नाही. १९२६ मध्ये केंब्रिजच्या मरे, वेब आणि स्वान यांनी सशांमध्ये त्याचे वर्णन केले, आणि पुढच्याच वर्षी पिरी यांनी दक्षिण आफ्रिकेत जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यातून मिळालेल्या जिवाणूला लिस्टेरेला हेपॅटोलायटिका असे नाव दिले. यकृताचा नाश हे लक्षण थेट नावातच आले होते. लिस्टेरिया हे आजचे प्रजातीनाम १९४० पासूनचे आहे.

प्रथिन कशाने बांधलेले आहे ते पाहावे

पृष्ठप्रथिन म्हटले म्हणजे सर्व प्रथिने एकाच रीतीने जिवाणूच्या अंगावर बसलेली असतात असे नाही. लिस्टेरिया ग्रॅम-धन असल्याने त्याला बाह्य पटल नसते. पेशीपटलाबाहेर जाड पेप्टिडोग्लायकनची भिंत असते. इंटर्नलिन-ए हे ८०० अमिनो आम्लांचे प्रथिन सॉर्टेज-ए या एंझाइमच्या साहाय्याने या भिंतीला सहसंयुज बंधाने पक्के जोडले जाते. इंटर्नलिन-बी हे ६३० अमिनो आम्लांचे प्रथिन मात्र आपल्या शेपटाकडील विशिष्ट घटकांनी लायपोटिकोइक आम्लाला सैलसर धरून असते, आणि त्याचा काही भाग सुटून भोवतालच्या द्रवातही येतो. ॲक्ट-ए हे तिसरे महत्त्वाचे प्रथिन भिंतीला नव्हे तर आतील पेशीपटलाला रोवलेले असून भिंतीतून बाहेर डोकावते.

हा भेद परीक्षेत पाठांतरासाठी विचारला जातो, पण त्याचा खरा उपयोग प्रयोग तपासताना होतो. सैल बसलेले प्रथिन धुण्यात निघून जाऊ शकते; ते द्रवात सुटले तर ज्या पेशीत जिवाणू शिरलेलाच नाही तिच्यावरही परिणाम करू शकते. म्हणून इंटर्नलिन-बीचा अभ्यास वाचताना जिवाणू किती वेळा आणि कशात धुतले होते, आणि शुद्ध प्रथिन वेगळे घालून पाहिले होते का, हे पद्धतींच्या विभागात शोधावे.

सर्वांत जास्त गफलत लिस्टेरिओलायसिन-ओ या विषाबाबत होते. पुटिका फोडून बाहेर पडण्याचे मुख्य काम त्याचे आहे आणि पुटिकेतील आम्लता वाढून सामू ५.५ च्या आसपास आला की ते जोमाने काम करते. परंतु ते स्रवले जाणारे प्रथिन आहे, पृष्ठप्रथिन नव्हे. सेमिनारमध्ये त्याचा उल्लेख अवश्य करावा, कारण त्याच्यावाचून पुढची वाढ होतच नाही, पण पृष्ठप्रथिनांच्या यादीत ते घालू नये.

दाराशी काय घडते

प्रवेशाची पायरी सर्वांत चांगली उलगडलेली आहे. इंटर्नलिन-ए यजमानाच्या ई-कॅडहेरिनला, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाला, धरते, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. इंटर्नलिन-बीचा मुख्य ग्राही, म्हणजे बाहेरचा संकेत टिपणारे यजमानपेशीवरील प्रथिन, मेट आहे, हे २००० साली समजले. मेट हा हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टरचा ग्राही असून यकृताची झीज भरून येण्यात त्याचा मोठा वाटा असतो. म्हणजे यकृतपेशीची स्वतःची वाढीची घंटा जिवाणू वाजवतो. तरीही तो मूळ घटकाची जागा बळकावत नाही. २००७ मध्ये या जोडीची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तीत इंटर्नलिन-बी मेटच्या निराळ्या भागाला बिलगलेले दिसते. मेट जागा झाला की फॉस्फोइनोसिटाइड-३-कायनेज हे एंझाइम कार्यान्वित होते, मेटवर युबिक्विटिनची खूण चढते, क्लॅथ्रिन गोळा होते, पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू सरकतात, आणि पेशीपटल जिवाणूला आत ओढून घेते.

एखादे प्रथिन प्रवेशासाठी आवश्यक आहे की पुरेसे आहे, हे दोन निराळे दावे आहेत आणि त्यांचे प्रयोगही निराळे असतात. आवश्यकता तपासण्यासाठी जनुक काढून टाकतात. पुरेसेपणा तपासण्यासाठी ते प्रथिन भलत्याच वस्तूला देऊन पाहतात: लिस्टेरिया इनोक्युआ या निरुपद्रवी नातेवाइकाला किंवा लेटेक्सच्या निर्जीव मण्यांना. इंटर्नलिन-बीचा लेप दिलेले मणी सस्तन प्राण्यांच्या पेशीत शिरतात. हा प्रयोग मला विशेष आवडतो, कारण मणी विभाजित होत नाही; त्यामुळे प्रवेश आणि वाढ यांची गल्लत होण्यास जागाच उरत नाही.

आकडे तपासण्याची रीत

हा भाग सावकाश वाचावा. जवळजवळ प्रत्येक निबंधात जेंटामायसिन-संरक्षण चाचणी असते. पेशींवर जिवाणू घालतात, ठरावीक वेळाने बाहेर राहिलेले धुऊन काढतात आणि द्रवात जेंटामायसिन घालतात. हे प्रतिजैविक सस्तन प्राण्यांच्या पेशीत सहजी शिरत नसल्याने बाहेरचे जिवाणू मरतात आणि आतले वाचतात. नंतर वेगवेगळ्या तासांना पेशी सौम्य डिटर्जंटने फोडून आतील जिवाणू आगरवर पसरवतात आणि वसाहती मोजतात.

आता पुढील आकडे कल्पित आहेत, केवळ सरावासाठी घेतलेले. मूळ वाणाचे दोन तासांनी १०,००० आणि आठ तासांनी ६,४०,००० जिवाणू मिळाले. पहिल्या म्यूटंटचे, म्हणजे एखादे जनुक काढलेल्या वा बिघडवलेल्या वाणाचे, त्याच वेळांना १,००० आणि ६४,००० मिळाले. दुसऱ्या म्यूटंटचे १०,००० आणि ४०,००० मिळाले. आठव्या तासाचाच स्तंभ पाहिला तर पहिला म्यूटंट दहापट मागे आणि दुसरा सोळापट मागे दिसतो, आणि दोघांनाही ‘वाढ कमी’ असे लेबल लावण्याचा मोह होतो. पण प्रत्येकाची सुरुवातीच्या संख्येशी तुलना करावी. मूळ वाण ६४ पट वाढला आणि पहिला म्यूटंटही ६४ पटच वाढला. त्याची वाढ निर्दोष आहे, फक्त आत शिरताना तो मागे पडला. दुसरा म्यूटंट आत मात्र बरोबरीने शिरला, पण चारपटच वाढला. दोष वाढीत किंवा तिच्या लगतच्या पायऱ्यांत आहे.

पिढ्यांची संख्या काढण्यासाठी शेवटच्या आणि पहिल्या संख्येच्या लॉगरिदमची वजाबाकी करून तिला ०.३०१ ने भागावे. ६४ पट वाढीसाठी १.८०६ भागिले ०.३०१, म्हणजे सहा पिढ्या; सहा तासांत सहा, अर्थात दर तासाला एक. चारपट वाढ म्हणजे दोन पिढ्या, दर तीन तासांना एक. यजमान पेशीच्या द्रवात लिस्टेरिया साधारण तासाभरात किंवा त्याहून थोड्या कमी वेळात दुप्पट होतो, त्यामुळे निबंधातील मूळ वाणाचा वेग यापासून फार दूर असेल तर पेशींची किंवा प्रयोगाची स्थिती काय होती हे शोधावे.

रावेर-यावलकडच्या दोन केळीबागांतले एकूण घड मोजून, खोडे किती लावली होती हे न विचारता, कोणती बाग चांगली वाढली हे कोणी ठरवत नाही. आठव्या तासाच्या एकाच स्तंभावर निकाल देणे हे तसेच आहे. गंमत अशी की फैजपूरकडून येणाऱ्या विद्यार्थ्याला बागेचा हिशेब तोंडपाठ असतो, पण आलेख समोर आला की तोच हिशेब तो विसरतो.

आलेख अर्ध-लॉग कागदावर पुन्हा काढला तर उत्तर नजरेने मिळते. दोन रेषा समांतर असतील आणि एक खालून सुरू होत असेल, तर प्रवेशाचा दोष. दोन्ही एकाच बिंदूतून निघून पसरत गेल्या, तर नंतरच्या पायरीचा दोष. निबंधातील आलेखात उभा अक्ष साधा असेल तर सुरुवातीचे बिंदू तळाशी चिकटून एकच दिसतात, म्हणून आकडे वाचून कागदावर मांडण्याचा कंटाळा करू नये.

एवढ्यावर थांबता येत नाही, कारण दुसऱ्या म्यूटंटच्या मंद रेषेला तीन-चार वेगळी कारणे असू शकतात. समजा, त्याचे अर्धे जिवाणू पुटिकेतच अडकून राहिले आणि सुटलेले अर्धे पूर्ण वेगाने वाढले; सरासरी तरीही कमीच येईल. हे ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालील चित्रे हवीत. पेशीद्रवात आलेल्या जिवाणूभोवती ॲक्टिन गोळा होते आणि फॅलॉइडिन या रंजकाने ते चमकते, पुटिकेतल्याभोवती ते नसते. प्रत्येक संक्रमित पेशीत किती जिवाणू आहेत याची विभागणी दिली असेल तर फारच उत्तम, कारण ‘सर्वच पेशींत थोडे कमी’ आणि ‘काही पेशींत नेहमीसारखे, काहींत एकही वाढला नाही’ ही दोन चित्रे सरासरीत एकसारखी दिसतात.

दुसरे कारण यजमान पेशीचा मृत्यू. पेशी फुटली की जेंटामायसिन आत शिरते आणि वाढलेले जिवाणू मारले जातात. वाढ झाली होती, पण मोजणीपर्यंत टिकली नाही. त्यासाठी लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे एंझाइम द्रवात किती सुटले याचे मोजमाप निबंधात शोधावे. तिसरे कारण शेजारच्या पेशीत पसरण्याचे. एका पेशीत जागा आणि अन्न संपत आल्यावर पसरता न येणारा जिवाणू दीर्घकाळाच्या प्रयोगात मागे पडतो, पण पहिल्या काही तासांत तो मागे दिसत नाही. म्हणूनच वेळ विचारावी: पाच तासांचा फरक आणि चोवीस तासांचा फरक यांचा अर्थ एक नसतो.

पेशीद्रवात आल्यावर

ॲक्ट-ए हे पसरण्याचे प्रथिन. ते यजमानाच्या एआरपी-२/३ या संकुलाला कामाला लावून जिवाणूमागे ॲक्टिनची शेपटी बांधते आणि तिच्या रेट्याने जिवाणू शेजारच्या पेशीत घुसतो. ॲक्ट-ए नसलेला म्यूटंट पेशीद्रवात विभाजित होतो, पण एका जागी पुंजका करून बसतो, आणि उंदरात तो अतिशय दुबळा ठरतो. यकृतातील त्याची एकूण संख्या घटते, ती विभाजन थांबल्यामुळे नव्हे. शिवाय ॲक्ट-एचा थर जिवाणूला पेशीच्या स्वभक्षणाच्या यंत्रणेपासून झाकतो, हे २००९ मध्ये दाखवले गेले. म्हणजे टिकून राहण्यातही त्याचा हात आहे.

प्रत्यक्ष विभाजनाला इंधन पुरवणारे प्रथिन पाहायचे असेल तर एचपीटी या वाहकाकडे जावे. २००२ मध्ये असे दिसून आले की हे पेशीपटलातील प्रथिन यजमानाच्या द्रवातील ग्लुकोज-६-फॉस्फेटसारख्या फॉस्फेटयुक्त शर्करा आत घेते, आणि ते काढले असता पेशीतील वाढ मंदावते. यकृतपेशी तर ग्लायकोजेन साठवणारी आणि ग्लुकोज तयार करणारी पेशी. तिच्यात ही शर्करा असणारच. भिंतीबाहेर डोकावत नसल्यामुळे एचपीटीला काटेकोर अर्थाने पृष्ठप्रथिन म्हणावे का, यावर वाद घालता येईल. पण ‘जिवाणूच्या आवरणातील प्रथिन वाढीस मदत करते’ या विधानाचे इतके थेट उदाहरण दुसरे नाही, आणि सेमिनारमध्ये ते सहसा कोणी घेत नाही.

इंटर्नलिन-बी: एकच प्रथिन, दोन दावे

सरावासाठी सर्वांत चांगली जोडी १९९० च्या दशकातील आहे. १९९५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील पास्काल कोसार यांच्या गटाने इंटर्नलिन-बी हे हेपॅटोसाइटमधील प्रवेशासाठी आवश्यक असल्याचे मांडले. १९९६ मध्ये पॅरिसमधूनच आणखी एका अभ्यासाने इंटर्नलिन-ए आणि बी यांच्या जनुकांचा पट्टा जिवंत प्राण्याच्या यकृतातील प्रवेशाशी जोडला. १९९७ मध्ये मात्र अमेरिकेतील संशोधकांनी हेच इंटर्नलिन-बी उंदराच्या हेपॅटोसाइटमधील वाढीला चालना देते असे मांडले. कोणाचे बरोबर, असा प्रश्न येथे विचारू नये. हे निबंध शेजारी ठेवून पेशी कोणत्या, प्रयोग बशीतला की प्राण्यातला, पहिली मोजणी कितव्या तासाला आणि तुलना कशाशी, एवढ्या चार गोष्टींचा तक्ता करावा. मतभेदाचा बराचसा भाग त्या तक्त्यातच उलगडतो.

दारातले प्रथिन आतल्या वाढीला कशी मदत करील, याचे एक समजण्याजोगे उत्तर मेटच्या संकेतमार्गात आहे. फॉस्फोइनोसिटाइड-३-कायनेजचा मार्ग पेशीपटल हलवतो, तसाच पेशीचा आत्मनाशही रोखून धरतो. आणि जिवंत राहिलेली पेशी म्हणजे जिवाणूला अधिक तास मिळालेली जागा. २०२२ मध्ये पाश्चर संस्थेतील गटाने इंटर्नलिन-बी मेटमार्फत संक्रमित पेशींना टी-पेशींच्या हल्ल्यातून वाचवते असे दाखवले. ते काम मोनोसाइट पेशींवर आणि मेंदूतील संसर्गाच्या संदर्भात झालेले आहे, यकृतपेशींवर नव्हे. सेमिनारमध्ये ते शक्यतेच्या रूपात मांडावे, १९९७ च्या निरीक्षणाचा सिद्ध झालेला खुलासा म्हणून मांडू नये.

प्राणी, वाण आणि तापमान

पद्धतींचा विभाग बारीक टंकात असतो म्हणून तो वगळण्याची सवय सोडावी, कारण या विषयातले निम्मे वाद तेथेच मिटतात. मानवाच्या ई-कॅडहेरिनमध्ये १६ व्या स्थानी प्रोलिन असते, उंदरात तेथे ग्लुटामिक आम्ल असते, आणि एवढ्याशा फरकाने इंटर्नलिन-ए उंदराच्या ई-कॅडहेरिनला धरत नाही. हे १९९९ मध्ये दाखवले गेले. उलट गिनीपिग आणि ससा यांच्यात इंटर्नलिन-ए चालते, पण इंटर्नलिन-बी त्यांच्या मेटला ओळखत नाही. साध्या उंदरात इंटर्नलिन-ए काढल्याने यकृतातील संख्या बदलली नाही, तर त्यावरून मानवात ते बिनमहत्त्वाचे असे म्हणता येत नाही, आणि गिनीपिगवरून इंटर्नलिन-बीबद्दल तर काहीच म्हणता येत नाही. ज्या जर्बिलमध्ये पिरी यांना हा जिवाणू भेटला, त्या प्राणिगटात दोन्ही प्रथिने काम करतात. २००८ मधील अपरेच्या (वारेच्या) संसर्गाच्या अभ्यासात जर्बिल त्याच कारणासाठी वापरले गेले.

वाणाचे नाव अक्षर न अक्षर तपासावे. ईजीडी आणि ईजीडी-ई ही नावे एकाच वाणाची वाटतात, परंतु २०१४ च्या जनुकीय तुलनेत ते दोन बरेच भिन्न वाण असल्याचे स्पष्ट झाले; त्यातील ईजीडीमध्ये पीआरएफ-ए हा इंटर्नलिनसारख्या प्रथिनांची जनुके चालू करणारा नियंत्रक कायम चालू ठेवणारा बदल आहे, म्हणून त्याच्या अंगावर इंटर्नलिन आधीपासूनच अधिक असतात. अन्नपदार्थांतून मिळालेल्या अनेक वाणांत तर इंटर्नलिन-एचे जनुक अर्ध्यावरच तुटलेले असते. म्यूटंट कसा तयार केला हेही पाहावे. इंटर्नलिन-ए आणि बी यांची जनुके एकापाठोपाठ आहेत. पहिल्यात काही घुसवले तर दुसऱ्याचीही निर्मिती बिघडू शकते. काढलेले जनुक परत घालून मूळ गुण परत आल्याचे दाखवले नसेल, तर निष्कर्षापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवावे.

तापमानाकडे खानदेशातील वाचकाने विशेष लक्ष द्यावे. पीआरएफ-एच्या संदेशवाहक आरएनएची घडी ३० अंश सेल्सिअसला मिटलेली राहते आणि ३७ अंशांना उलगडते. कमी तापमानाला वाढवलेल्या जिवाणूच्या अंगावर ही प्रथिने त्यामुळे कमी असतात. परदेशी निबंधात ‘खोलीचे तापमान’ लिहिले असेल तर ते २० ते २५ अंश समजावे. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातील खोली त्या व्याख्येत बसत नाही, आणि आपल्या प्रयोगशाळेतील कोणत्याही जिवाणूच्या नोंदीत ‘खोलीचे तापमान’ असे मोघम न लिहिता तापमापीवरील आकडा लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांनी येथूनच लावून घ्यावी.

प्रत्यक्ष प्रयोगाविषयी

लिस्टेरिया मोनोसायटोजेनिससाठी जैवसुरक्षा पातळी दोनची सोय लागते, आणि गर्भवती व्यक्तीने हा जिवाणू हाताळूच नये. संसर्ग गर्भापर्यंत पोहोचतो. तशी सोय नसलेल्या महाविद्यालयात त्याचे संवर्धन आणू नये. प्रसिद्ध आकड्यांवरचा सराव पुरेसा आहे आणि त्याला फक्त कागद-पेन्सिल लागते. पबमेड सेंट्रलवर अनेक जुने निबंध मोफत वाचता येतात, प्रथिनांची लांबी आणि घटक युनिप्रॉटवर पाहता येतात, आणि इंटर्नलिन-बी व मेट यांची त्रिमितीय रचना प्रोटीन डेटा बँकेतून उतरवून मोबाइलवरही फिरवून पाहता येते.

सेमिनारनंतर श्रोत्यांकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘आपल्याकडे याचा संबंध काय?’ त्याचे उत्तर तयार ठेवावे. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी या शिजवलेल्या मांसपदार्थातून पसरलेल्या साथीत एक हजाराहून अधिक रुग्ण आणि दोनशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. हा जिवाणू ४ अंशांनाही वाढत असल्याने फ्रिज त्याला थांबवत नाही. दूध उकळणे किंवा पाश्चरीकरण मात्र त्याला मारते, आणि घरोघरी दूध तापवण्याची आपली रीत या बाबतीत उपयोगी आहे. धुळे-साक्रीकडील मेंढपाळांच्या आणि दुग्धव्यवसाय करणाऱ्यांच्या दृष्टीने मुरघासाचा मुद्दा अधिक जवळचा आहे: नीट न आंबलेल्या, सामू ५.५ च्या वर राहिलेल्या मुरघासात लिस्टेरिया वाढतो आणि तो खाल्लेल्या शेळ्या-मेंढ्या मान एका बाजूला वाकवून गोल फिरू लागतात. त्या आजारात मेंदूच्या खोडाला सूज येते आणि जिवाणू तेथे बहुधा तोंडातील जखमेतून चेतातंतूंमार्गे जातो, यकृतावाटे नव्हे. म्हणून हे उदाहरण द्यावे, पण ते यकृतपेशींच्या आकृतीला जोडू नये.